पाचशेच्या जागी साडेचारशे

सदतीस टक्क्यांवर कॉम्प्युटर पुन्हा मेला.

मेला तोही सभ्यपणे नाही. आधी पंख्याचा आवाज चढत चढत गेला, मग आतून कोणीतरी जीभ टाळूला लावून काढावा तसा ‘टक्’ आवाज आला आणि स्क्रीन काळी ठिक्कर. त्या काळ्या स्क्रीनमध्ये उर्वीला स्वतःचं उघडं तोंड दिसलं. शनिवार सकाळचे साडेआठ वाजलेले आणि ही अकरावी वेळ होती. ती मोजत होती, कारण मोजण्याशिवाय दुसरं काही तिच्या हातात उरलंच नव्हतं.

“गेला?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

“गेला!”

“मग जरा थंड होऊ दे ना त्याला. सारखं काय मागे लागतेस? मिक्सर गरम झाला की मीपण थांबतेच की.”

थंड करून झालं होतं. समोर टेबलफॅन लावून झाला होता. बेडरूमच्या प्लगला, हॉलच्या प्लगला, एकदा तर वॉशिंग मशीनच्या प्लगला लावून झालं होतं. वर्तकनगरच्या त्या दोन खोल्यांमध्ये आता एकच प्लग शिल्लक होता, देवघराजवळचा, आणि तिथे आई लावू देणार नव्हती.

संध्याकाळी सहापर्यंत व्हिडिओ गेला नाही, तर मोर.

हे मोरांचं प्रकरण असं. उर्वी नववीत. गेल्या वर्षापर्यंत हजेरी सोडून वर्गात तिचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. या जूनमध्ये भाषणाला कोणीच नाव देईना म्हणून कादंबरी बाईंनी तिला ढकललं, ती थरथरत उभी राहिली आणि काय झालं देव जाणे, धडाधड बोलत सुटली. टाळ्या पडल्या. तेव्हापासून तिचा हात तिला न विचारताच वर जायला लागला. स्नेहसंमेलनात ‘खाडीवरचे फ्लेमिंगो’ नाच बसला, मागच्या मोठ्या पडद्यासाठी अ‍ॅनिमेशन कोण करेल असं बाईंनी विचारलं, आणि गेला हात वर. “मी करते!”

“जमेल ना गं?” अंतराने मागे वळून विचारलेलं. अंतरा नाचात सगळ्यात पुढे. “नाहीतर दादाच्या ओळखीत रेडीमेड व्हिडिओ मिळतात. त्यात मोर आहेत, पण चालेल. पक्षी तर पक्षी.”

ठाण्याच्या खाडीवर मोर! उर्वीचा जीव त्या क्षणी जो वरखाली झाला तो अजून जागेवर आला नव्हता. तिने दीड महिना बसून दोनशे चौदा फ्लेमिंगो केले. प्रत्येकाचे पंख वेगळे हलणारे, एकाची तर मान जरा वाकडी, मुद्दाम. आता उरलं होतं फक्त शेवटचं काम, सगळी चित्रं जोडून कॉम्प्युटरने त्यांचा एक व्हिडिओ बनवायचा. जुन्या कॉम्प्युटरने ‘चार दिवस लागतील’ असं सांगितल्यावर पुण्याच्या मुकुलमामाने स्वतःचं वापरलेलं ग्राफिक्स कार्ड दिलं. त्या कार्डाने तेच काम चाळीस मिनिटांत होणार होतं.

होणार होतं. सदतीस टक्क्यांपर्यंत होतही होतं. तिथे सगळे दोनशे चौदा पक्षी एकदम पाण्यावरून उठतात. पक्षी उठले की कॉम्प्युटर बसतो.

काल संध्याकाळी मामाने फोनवर एका मिनिटात निदान केलं होतं. “कार्ड नाही गं, तुमचा पॉवर सप्लाय कमी पडतोय.”

पॉवर सप्लाय म्हणजे कॅबिनेटच्या वरच्या कोपऱ्यात बसलेला लोखंडी डबा. भिंतीतून वीज घेतो आणि आतल्या सगळ्यांना वाटून देतो. दुकानदार त्याला एसएमपीएस म्हणतात, आई ‘तो पंखेवाला डबा’ म्हणते.

“पण मामा, तो पाचशे वॅटचा आहे. बाबांकडे बिल आहे.”

“वरचा मोठा आकडा वाचूच नकोस. डब्यावर खाली बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. त्यात बारा व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत, तेवढंच बघ. कार्ड आणि प्रोसेसर दोघं तिथूनच जेवतात. तुला वीसच्या वर लागतील.”

“तिथे सील आहे, मामा.”

“काढ मग.”

“बाबांनी…”

मामा म्हणाला, “हां. दाजी. मग अवघड आहे.”

अवघड म्हणजे काय, ते कळायला उर्वीच्या घरात यायला हवं. बाबा, म्हणजे प्रभाकरराव, ठाण्यात सरकारी ऑफिसात वरिष्ठ लिपिक. त्यांच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो. फ्रिजवरचं ताऱ्यांचं स्टिकर फ्रिजपेक्षा जास्त जपलेलं. गादीवर कंपनीचं प्लास्टिक तसंच, त्यामुळे पाहुण्याने रात्री कूस बदलली की सगळ्या घराला कळतं. आणि कॉम्प्युटर? दर दिवाळीला बाबा तो स्वतः उघडतात, रंगाच्या जुन्या ब्रशने धूळ काढतात आणि त्या डब्यावरचं चंदेरी स्टिकर ओल्या कपड्याने पुसून चकचकीत करतात. ‘सील तोडल्यास वॉरंटी रद्द. साईनाथ कॉम्प्युटर्स, मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व.’ खाली पेनाने तारीख. हे चांगलं पंजाएवढं स्टिकर साईनाथकाकांनी बरोब्बर त्या तक्त्यावर चिकटवलेलं होतं.

“बाबा,” उर्वी आता हॉलमध्ये जाऊन उभी राहिली, “फक्त एक कोपरा उचलते. वाचते. परत चिकटवते.”

बाबा पेपर वाचत होते. “सील आहे ते.”

“वॉरंटी एक वर्षाची होती! मी तेव्हा ज्युनिअर केजीत होते! मला आता चष्मा लागून त्याचा नंबरपण दोनदा बदललाय!”

“तरी आपण कशाला तोडायचं? ज्याचं सील, त्याने तोडावं. आणि पाचशे वॅटचा आहे तो. साईनाथने स्वतः लिहून दिलंय.” त्यांनी कपाटातून फाईल काढली. बिल प्लास्टिकच्या खिशात, वर खुणेची चिठ्ठी. “हे बघ. पाचशे. साईनाथ आपल्याला चुकीचं देणार नाही. एका चाळीत वाढलोय आम्ही.”

“म्हणजे आता काय करायचं?”

“सुट्टी आहेच आज. डोंबिवलीला नेऊ.”

“बाबा, सहापर्यंत द्यायचंय!”

“मग लवकर आवर.”

उर्वीने उशीत तोंड खुपसून एक किंकाळी मारली. उशीला कव्हर होतं, कव्हरवर कव्हर होतं. आवाज बाहेर आलाच नाही.

कॉम्प्युटर सोलापुरी चादरीत गुंडाळून स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवला. वर्तकनगर ते डोंबिवली अंतर तसं फार नाही, पण शिळफाट्याला ट्रकांची रांग लागलेली. उर्वीची हनुवटी चादरीवर, एक हात कॅबिनेटला मिठी मारून, दुसरा बाबांच्या शर्टाला. शेजारच्या रिक्षातल्या एक बाई बराच वेळ त्या गुंडाळलेल्या आकाराकडे बघत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, “बरं नाहीये का त्यांना?”

“नाही,” उर्वी म्हणाली. “मध्येच चक्कर येते.”

“उर्वी,” बाबा पुढे बघूनच म्हणाले. पण त्यांचे खांदे हलले, हे तिला चादरीपलीकडून कळलं. हसू तिलाही आलं असतं, पण घड्याळात पावणेअकरा झालेले दिसत होते आणि पुढचा ट्रक इंचभर हलत नव्हता.

साईनाथ कॉम्प्युटर्समध्ये कॉम्प्युटर आता जवळजवळ नव्हतेच. मोबाइलची कव्हरं, चार्जर, झेरॉक्स आणि छताला नमुन्याचे तीन सीसीटीव्ही कॅमेरे. मागच्या फळीवर तेवढे जुन्या धंद्याचे खोके. साईनाथकाका जाडजूड, कपाळावर गंध, गळ्यात चष्म्याची दोरी.

“आयला, प्रभाकर! कवा आलास? आणि ही तुझी पोर? एवढी होती!” त्यांनी गुडघ्याच्याही खाली हात नेला. “आणि हे काय, चादरीत?”

“तुझंच पोरगं,” बाबा म्हणाले. “परत आणलंय माहेरी.”

काकांनी कॉम्प्युटर टेबलावर घेतला, वायर लावली, बटण दाबलं. झाला सुरू. पडद्यावर उर्वीचा फ्लेमिंगो गुलाबी मान वाकडी करून उभा.

“चालतंय की!”

“असं चालतंच, काका,” उर्वी म्हणाली. “काम दिलं की मरतं.”

“मग काम देऊ नको.”

बाबा हसले. बाबा! उर्वीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने काही न बोलता माऊस ओढला आणि व्हिडिओ बनवायला लावला. दोन टक्के, पाच, नऊ. तेवढ्यात एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आल्या, काका तिकडे गेले. परत येऊन बाबांशी गप्पा मारत बसले, चाळीत गणपतीला कोण कुठे नाचलं आणि कोणाचा कुठे दात पडला. एकोणतीस. चौतीस. उर्वी एकटीच पडद्याकडे बघत होती. पाण्यावर पहिला पक्षी हलला.

टक्.

“बघितलंत?” ती ओरडलीच. “बघितलंत ना आता?”

काकांनी हाताचा तळवा ग्राफिक्स कार्डावर ठेवला, डॉक्टरसारखा. “कार्ड गेलंय. सेकंडहँड ना?”

“मामाकडे रोज चालत होतं. परवापर्यंत.”

“त्याच्याकडं चालत होतं, तुझ्याकडं नाय चालत. मग?”

“मग कार्ड तेच आहे ना! बदललं काय? बाकीचं! म्हणजे खोट बाकीच्यात आहे!”

काकांनी बाबांकडे बघितलं. “वकिलीला घाल हिला.” मग फळीवरून एक खोका काढून पुढे टाकला. “आता तुझं समाधानच करायचं तर एसएमपीएस बदलू. हा घे, सहाशे वॅट. पाचशेला सहाशे. खूष?”

खोक्यावर आग ओकणारा ड्रॅगन होता आणि आगीच्या अक्षरांत ‘६००’. उर्वीने खोका उचलला तर तो कुरमुऱ्याच्या पिशवीसारखा हातात वर आला. तिने बाजू फिरवली. ड्रॅगनच्या शेपटीखाली तो बारीक तक्ता होता. बारा व्होल्टच्या खाली चौदा.

“याच्यात चौदाच अँपिअर आहेत. मला वीसच्या वर लागतील. आपल्या जुन्यावर किती आहेत ते आधी बघू या ना. हे सील काढा.”

“सील काढलं तर वॉरंटी जाईल,” काका म्हणाले. सवयीने म्हणाले. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला इतकी वर्षं म्हणत आले असतील तसं.

“कुठली वॉरंटी, काका?” उर्वीचा आवाज असा चढला की झेरॉक्सला आलेलं नवं गिऱ्हाईक पैसे द्यायचं थांबलं. “कुठली वॉरंटी? ती संपली तेव्हा मला बुटाची लेस बांधता येत नव्हती!”

“उर्वी. आवाज.”

तिने ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच जास्त राग आला, कारण आता हे दोघं म्हणणार, बघ रडायला लागली. साडेबारा वाजून गेले होते. अंतराचा मेसेज येऊन पडलेला: ‘झालं का? नसेल तर टेन्शन नको, मोर रेडी आहेत’, पुढे नाचणाऱ्या मुलीचं चित्र. सकाळपासून उर्वीचं म्हणणं एकच होतं, तक्ता वाचू द्या. एवढंच! आणि वाचायला लागणारा कागद एका स्टिकरखाली, स्टिकर एका शब्दाखाली, आणि त्या शब्दावर तिचे बाबा मांडी घालून बसलेले.

ती स्टुलावर बसली. नाक पुसलं. जूनमध्ये भाषणाला उभी राहिली तेव्हाही पहिलं मिनिटभर असंच वाटलेलं, की आता काही होत नाही. मग ती हळूच म्हणाली, “बाबा, ती फाईल द्या.”

बाबांनी दिली. फाईल घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडतच नाहीत. उर्वीने बिल प्लास्टिकच्या खिशातून बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरलं.

“समजा हा कागद ऑफिसात तुमच्या टेबलावर आला. कोणीतरी सोमवारी सकाळी घेऊन आलाय. म्हणतोय, साहेब, याची वॉरंटी आहे. तुम्ही काय शेरा माराल?”

“हा काय पोरकटपणा…”

“सांगा ना. काय लिहाल?”

बाबांनी चष्मा चढवला. कागद हातात आला की त्यांचा चेहरा आपोआप ऑफिसचा होतो, हे तिला माहीत होतं. त्यांनी तारीख वाचली. खालची अट वाचली, ‘खरेदीपासून बारा महिने’. परत तारीख वाचली. मग नेहमीच्या एकसुरी आवाजात म्हणाले, “मुदत समाप्त झालेली आहे. सबब…”

आणि थांबले.

“सबब काय?” उर्वीने विचारलं.

“सबब, विचार करता येत नाही,” बाबा म्हणाले.

बाबांनी फाईल टेबलावर ठेवली, शर्टाची बाही वर केली आणि अंगठ्याचं नख त्या चंदेरी कोपऱ्याखाली घातलं. त्यांना ते अख्खं काढायचं होतं, हे उघड होतं. पण हे स्टिकर अख्खं निघूच नये म्हणून बनवलेलं. अंड्याच्या टरफलासारखा त्याचा एक कपचा उडाला, मग दुसरा. प्रत्येक कपच्यागणिक बाबा ‘च्’ करत होते. निघालेले तुकडे ते डाव्या हातातल्या रुमालात जमा करत होते. साईनाथकाका आधी हात कमरेवर ठेवून उभे होते, मग वाकून बघायला लागले.

तक्ता बाहेर आला. कोरा करकरीत, इतक्या वर्षांत त्याला हवासुद्धा लागलेली नव्हती. वर मोठ्ठं ‘५००’. खाली बारीक रांगा. उर्वीने बोट टेकवलं.

“बारा व्होल्ट. बारा अँपिअर.” तिने मोबाइल न काढताच गुणाकार केला. “एकशे चव्वेचाळीस वॅट. बाबा, बारा व्होल्टच्या रांगेत एवढीच वीज आहे. कार्डाला एकशे पंचवीस लागतात, प्रोसेसरला चौऱ्याऐंशी, म्हणजे दोनशे नऊ. पंगतीला दोनशे नऊ माणसं आणि ताटं एकशे चव्वेचाळीस. मग वाढणारा काय करेल? दार लावून घेईल. टक्!”

“पण वर पाचशे लिहिलंय,” बाबा म्हणाले. पण हे त्यांनी तिला नाही, काकांना सांगितलं.

काका चष्मा लावून तक्ता वाचत होते. दोनदा वाचला. “हे मी कधी वाचलंच नाय रे,” ते शेवटी म्हणाले. “डीलर बोलला पाचशे, मी बिलावर लिवलं पाचशे. सील चिकटवायला ही जागा सपाट, म्हणून हितंच मारायचो. सगळ्यांच्या मशिनला हितंच.” त्यांनी मान खाजवली. “सगळ्यांच्या.”

एक वाजला. मानपाडा रोडवरची शटरं एकेक करून खाली यायला लागली. एक ते चार इथे दुकानं बंद, माणसं घरी, जेवण आणि झोप. काकांनीही आकडी हातात घेतली, उर्वीच्या तोंडाकडे पाहिलं आणि शटर अर्ध्यावरच आणून थांबवलं. “बघ कुठला पाहिजे ते. पण लवकर.”

उर्वी फळीला भिडली. बाजारात आई भेंडीची टोकं मोडून बघते तसे ती एकेक खोके उलटे करून बघत होती. सातशे वॅट, पंधरा अँपिअर, नको. साडेसहाशे, आणि तक्ताच नाही, अजिबात नको. साडेपाचशे, सोळा. प्रत्येक खोक्यावर कोणीतरी भडकलेलं, वाघ, रोबो, कवटी. सगळ्यात वर, कोपऱ्यात, धुळीने पांढरा पडलेला एक खोका होता. त्यावर कोणी भडकलेलं नव्हतं. नुसतं ‘४५०’. ती खुर्चीवर चढली, खोका ओढला आणि हात एकदम खाली आला, एवढा जड. तक्ता वाचला. छत्तीस.

“हा!”

“तो?” काका हसले. “दोन वरसं पडून हाय. कोण नेतंय? बाजूला सहाशेचा हाय, सातशेचा हाय, आणि गिऱ्हाईक काय साडेचारशेचा नेणार?”

“साडेचारशे?” बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “अगं, पाचशे आहेत ते कमी पडतायत म्हणून आलो ना आपण? आणि पाचशे काढून साडेचारशे लावायचा? म्हणजे खर्च करून कमी आणायचं?”

उर्वीला वाटलं, डोकं त्या खोक्यावरच आपटावं. आत्ता, आत्ता तर तक्ता वाचला ना! तिने डोळे मिटले. उघडले.

“बाबा, इथल्या आपल्या जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर टाकी केवढी होती?”

“दहा हजार लिटरची. का?”

“आणि तिसऱ्या मजल्यावर आपल्या नळाला पाणी किती यायचं?”

बाबांचा चेहरा बदलला. हे दुखणं जुनं होतं. “करंगळीएवढी धार,” ते म्हणाले. “अर्ध्या इंचाचा पाइप टाकला होता त्या बिल्डरने. सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला मी सांगायचो. सेक्रेटरी म्हणायचा, दहा हजारांची टाकी आहे प्रभाकरराव, तक्रार कसली करता!”

“हो ना?”

“अरे, टाकीला काय चाटायचंय? नळाला किती येतं ते…”

ते बोलता बोलता थांबले. एका हातात त्यांनी ड्रॅगनचा सहाशेचा खोका घेतला, दुसऱ्या हातात धुळीचा साडेचारशेचा. दोन्ही हात वरखाली करून पाहिले. मग ड्रॅगन काकांच्या हातात दिला आणि चष्मा नाकावर सरकवून साडेचारशेच्या बाजूचं बारीक छापलेलं सगळं, अगदी बनवणाऱ्याच्या पत्त्यापर्यंत, वाचून काढलं.

“हा लाव,” ते काकांना म्हणाले.

“प्रभाकर, नीट इचार कर. लहान पोर…”

“ऑफिसात अर्जाच्या विषयावर कोणी निकाल देत नाही, साईनाथ. खालच्या अटी वाचतात. तिने वाचल्यात.”

जुना डबा काढताना काकांच्या बोटाला पत्रा लागला, चौथा स्क्रू घरंगळत झेरॉक्स मशीनखाली गेला आणि तो शोधण्यात वीस मिनिटं गेली. वीस मिनिटं! उर्वी गुडघ्यावर बसून मोबाइलचा उजेड पाडत होती आणि मनातल्या मनात त्या स्क्रूला जे बोलत होती ते लिहिण्यासारखं नाही. जुन्या डब्याला कार्डाची पिन नव्हती, म्हणून मध्ये जोडवायर लावलेली. नव्याला थेट पिन होती, खट्कन बसली.

सव्वादोनला बटण दाबलं. वीस टक्के. एकतीस. शटरखालून उन्हाचा पट्टा टेबलाच्या पायापर्यंत आलेला. पस्तीस. छत्तीस. पंख्याचा आवाज चढला आणि उर्वीने दोन्ही हातांनी कान झाकून डोळे मिटून घेतले.

“अडतीस,” बाबा म्हणाले.

तिने डोळे उघडले. पडद्यावर दोनशे चौदा फ्लेमिंगो खाडीवरून उठून वर चालले होते, वाकड्या मानेचा सगळ्यात मागे. साईनाथकाका म्हणाले, “एवढे गं कशाला केलेस?” आणि मग परत बघत राहिले.

तीनला व्हिडिओ पूर्ण झाला. काकांच्या वायफायवरून उर्वीने तो कादंबरी बाईंना पाठवला, दोन्ही मुठी वळून दुकानाच्या दीड फुटांत उडी मारली आणि डोकं सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्याला आपटून घेतलं. वडापाव आले. वडापाव संपायच्या आत बाईंचा मेसेजही आला.

‘उर्वी, फारच सुंदर! डोळ्यांत पाणी आलं. फक्त एक, मुली स्टेजवर डावीकडून येणार आहेत आणि तुझे पक्षी उजवीकडून येतात. समोरासमोर टक्कर झाल्यासारखं दिसेल गं. उलट करता येईल का? सहापर्यंत चालेल.’

उर्वीने मेसेज दोनदा वाचला. मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. “मी मरते आता. सकाळपासून कॉम्प्युटर मरतोय, आता माझी पाळी!”

“काय झालं?” बाबा दचकले. “परत काही काढावं लागणार का? परत काही कमी पडलं?”

“पक्षी उलटे उडवायचेत! नुसता व्हिडिओ आरशासारखा फिरवला तर शाळेचं नाव पण उलटं होईल. म्हणजे सगळं परत बनवायचं. पहिल्यापासून!”

“मग आता?”

आता? तिने घड्याळ बघितलं. साडेतीन. पक्षी फिरवायला अर्धा तास, बनवायला चाळीस मिनिटं. सकाळी कोणी असं सांगितलं असतं तर ती जमिनीवर लोळली असती. तिने राहिलेला वडा तोंडात कोंबला, स्टूल पुढे ओढलं आणि भरल्या तोंडाने म्हणाली, “मग काय. परत लावायचं.”

ती पक्षी फिरवत बसली. दोनशे चौदा, एकेका थव्याने, प्रत्येक थव्याला एकेक नवी शिवी शोधत. चार वाजता काकांनी शटर वर केलं. चार वाजून पाच मिनिटांनी तिने पुन्हा बटण दाबलं आणि या वेळी कान झाकले नाहीत, अंतराला उत्तर लिहीत बसली: ‘मोर जपून ठेव, पुढच्या वर्षी लागतील.’

तिच्या पाठीमागे साईनाथकाकांनी खणातून चंदेरी स्टिकरांची गुंडाळी काढली, एक फाडलं, पेनाने आजची तारीख टाकली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हात सरळ नव्या डब्याच्या मधोमध नेला.

“अं हं,” बाबांनी त्यांचं मनगट धरलं. “तक्ता सोडून. इकडे, कडेला लाव.”

काकांनी कडेला लावलं. बाबांनी ते अंगठ्याने नीट दाबून बसवलं. मग जुन्या सीलचे कपचे रुमालातून काढून फाईलच्या प्लास्टिकच्या खिशात भरले, बिलाच्या मागे.

“ते कशाला, बाबा?” उर्वीने वळून विचारलं.

“असू दे,” बाबा म्हणाले. “तू पुढे बघ. छत्तीस झाले.”